मक्षिकास्थाने कोणती मक्षिका?

मराठी भाषेने माशीला फार मानाने वागवले आहे असे कुणी म्हणणार नाही. काम नसलेला माणूस माश्या मारतो, जमत आलेले लग्न मोडले की कुठे माशी शिंकली याची चौकशी होते आणि तापट माणूस नाकावर माशी बसू देत नाही. यांपैकी एकाही ठिकाणी ही माशी नेमकी कोणती, असा प्रश्न कुणाला पडत नाही. सगळ्यांत बोलकी आहे ती 'मक्षिकास्थाने मक्षिका' ही म्हण. जुन्या कागदाची नक्कल करताना मूळ कागदावर चिकटून मेलेली माशी नकलनवीसाला दिसली, म्हणून त्याने आपल्या कागदावरही त्याच जागी एक माशी मारून चिकटवली, अशी त्यामागची गोष्ट सांगतात. हसायला ठीक आहे. पण त्या कारकुनाने निदान माशी तरी त्याच जातीची शोधली होती का, हे गोष्ट सांगत नाही.

हा प्रश्न थट्टेचा वाटेल. पण वैरागसारख्या बाजारगावात तो पैशाचा, पिकाचा आणि कधी कधी जिवाचाही असतो. बार्शी तालुक्यातले, बार्शी-सोलापूर रस्त्यावरचे हे गाव. भोवतालचे काळे रान पिढ्यान्‌पिढ्या रब्बी ज्वारीचे. जवळच्या मोहोळच्या केंद्रात १९३० च्या दशकात निवडलेले मालदांडी ३५-१ हे वाण आजही या भागात नावाने ओळखले जाते. पुढे खरिपात सोयाबीन आले, तूर होतीच. पिके बदलली तसे त्यांच्यामागून येणारे किडेही बदलले. कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवरचे संभाषण मात्र होते तसेच राहिले.

"मालक, सोयाबीनवर माशी पडलीया. काय मारायचं?"

"किती एकर हाय, आण्णा?"

संपले. एकरांचा हिशेब होतो आणि बाटली पिशवीत पडते. कोणती माशी, हे ना आण्णा सांगतात, ना मालक विचारतात.

माझे म्हणणे असे की, काय मारायचे हे ठरण्याआधी कोणाला मारायचे हे ठरले पाहिजे. आणि ते ठरवणे वाटते तितके पंडिती काम नाही. दहापट मोठे दाखवणारे भिंग, चांगला उजेड आणि झाकणाची काचेची बाटली एवढ्या सामग्रीवर घरातल्या आठवीतल्या मुलालाही अर्धी वाट चालता येते. उरलेल्या अर्ध्या वाटेसाठी जाणकार लागतो. तो गावाच्या जवळपास भेटत नाही, ही खरी तक्रार आहे.

आधी ती अर्धी वाट पाहू. पहिला प्रश्न पंखांचा. आपण ज्यांना माशी म्हणतो त्यांतले निम्मे प्राणी शास्त्राच्या लेखी माश्याच नव्हेत. मधमाशी नव्हे, गांधीलमाशी नव्हे, भिंतीवर मातीचे घर बांधणारी कुंभारीण नव्हे. या सर्वांना पंखांच्या दोन जोड्या, म्हणजे चार पंख असतात. कपाशीवर आणि सोयाबीनवर बसणारी पांढरी माशी तर नात्याने माव्याच्या जवळची. तिलाही चार पंख आणि रस शोषणारी सोंड. खऱ्या माशीला उडण्याचे पंख फक्त दोन. ॲरिस्टॉटलच्या काळापासून ही ओळख चालत आली आहे आणि माश्यांच्या गणाचे 'डिप्टेरा' हे ग्रीक नावही 'दोन पंखांचे' एवढेच सांगते. डास आणि चिलट याच गणातले. जगभरात या गणातल्या दीड लाखाच्या वर जातींना नावे मिळालेली आहेत.

मग मागचे दोन पंख गेले कुठे? भिंगातून पाहिले तर पुढच्या पंखांच्या मुळाशी, मागच्या बाजूला, दोन बारीक दांड्या आणि त्यांच्या टोकाला गोंडे दिसतात. डफ वाजवायच्या टिपरीसारखे. शास्त्रीय मराठीत त्यांना संतोलक म्हणतात. उडताना ते पंखांच्या ठेक्यावरच, पण उलट दिशेने हलत असतात आणि शरीर कुठे कलले, कुठे वळले याची वर्दी देत असतात. ते काढून टाकले तर माशीला नीट उडता येत नाही, तिचा तोल जातो. ताटाभोवती वर्तमानपत्राची घडी घेऊन तिच्यामागे धावणारे आपण नेहमी का हरतो, याचे बरेचसे उत्तर त्या दोन गोंड्यांत आहे.

पंख मोजून झाले की शृंगिका पाहाव्यात. डासांच्या आणि वाळूमाशीच्या शृंगिका लांब, पुष्कळ मण्यांच्या माळेसारख्या. घरमाशीच्या आखूड, तीन तुकड्यांच्या, आणि शेवटच्या तुकड्यावर एक केस. मग डोळे. पुष्कळ जातींत नराचे दोन्ही डोळे डोक्यावर एकमेकांना जवळजवळ भिडतात, मादीच्या डोळ्यांत अंतर राहते. गुरांच्या अंगावर बसणाऱ्या गोमाशीत हे छान दिसते. तिच्यातली रक्त पिते ती मादी. नर फुलांवर गुजराण करतो.

मग पाठ. घरमाशीच्या पाठीवर चार काळसर उभ्या रेघा असतात. तिच्यापेक्षा थोराड, लाल डोळ्यांची, पाठीवर तीन रेघा आणि उदरावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकटे असलेली माशी दिसली तर ती मांसमाशी. ती अंडी न घालता जिवंत अळ्याच सोडते, म्हणून जनावराच्या उघड्या जखमेवर ती बसलेली दिसली तर उद्यावर टाकू नये. शेवटी पंखांतल्या शिरा. घरमाशीच्या पंखातली चौथी शीर टोकाजवळ एकदम वर वळून तिसरीला जवळजवळ भिडते. पंख पांढऱ्या कागदावर ठेवून पाहिला तर हे वळण भिंगाखाली ओळखू येते. संग्रहालयातल्या तज्ज्ञाचे कामही याच शिरांपासून सुरू होते.

एवढी साधी पाहणी न केल्याने माणसे किती काळ फसू शकतात याचा एक नमुना फार जुना आहे. मेलेल्या बैलाच्या कलेवरातून मधमाश्या जन्मतात, असा समज भूमध्य समुद्राकाठच्या देशांत कैक शतके होता. रोमन कवी व्हर्जिलने त्याची कृतीच सांगून ठेवली आहे. पुढे १८९४ मध्ये ऑस्टेन-साकेन या माश्यांच्या अभ्यासकाने उलगडा केला की, त्या मधमाश्या नव्हत्याच. मधमाशीचा रंग घेतलेली, आखूड शृंगिकांची आणि दोनच पंखांची एक माशी कुजक्या पाण्यात अंडी घालते. तीच त्या कलेवरातून बाहेर पडताना लोक पाहत होते. पंख मोजायचे एवढे कुणाच्या मनात आले नाही.

तिच्या कुळातल्या माश्या आपल्याही रानात आहेत. फुलासमोर हवेत एका जागी टांगल्यासारखी स्थिर राहणारी, पोटावर पिवळे-काळे पट्टे असलेली माशी पुष्कळांनी पाहिली असेल. पट्टे पाहून लोक घाबरतात. प्रत्यक्षात तिला नांगीच नसते. त्यांतल्या कित्येक जातींच्या अळ्या माव्यावर जगतात. सोलापूरकडच्या करडईला मावा किती छळतो हे शेतकऱ्याला सांगायला नको. त्याच माव्यात फिरणारी पाय नसलेली हिरवट अळी 'कीड' समजून तिच्यासकट फवारली की आपला फुकटचा गडी आपणच मारला. ओळख नसण्याचा हा तोटा खताच्या दुकानाच्या पावतीत दिसत नाही.

आता वैरागच्या मुख्य दुखण्याकडे वळू. ते आहे 'खोडमाशी' या शब्दात.

ज्वारीची खोडमाशी म्हणजे ॲथेरिगोना सोक्काटा. घरमाशीच्याच कुळातली, पण तिच्याहून बरीच लहान, करड्या रंगाची. मादीच्या पिवळसर उदरावर तपकिरी ठिपक्यांच्या जोड्या. कोवळ्या पानाच्या खालच्या अंगाला ती एकेकटे पांढरे, लांबट अंडे घालते. अळी पानावरून खाली सरकून पोंग्यात शिरते आणि वाढीचा कोंबच कुरतडते. मधले पान वाळते, ओढले तर अलगद हातात येते आणि त्याला कुजकट वास येतो. शेतकरी त्याला पोंगेमर म्हणतो. हा धोका उगवणीनंतर पहिला आठवडा उलटल्यापासून साधारण महिनाभराचा. म्हणून तिच्यावरचा इलाज पेरणीची तारीख, बियाण्याचे प्रमाण आणि बीजप्रक्रिया यांत आहे. पोंगे वाळल्यावर केलेली फवारणी म्हणजे वरात गेल्यावर वाजवलेला बँड.

सोयाबीनच्या किडीलाही आपण खोडमाशीच म्हणतो. पण ती मेलानाग्रोमायझा सोजे; कूळच वेगळे. चमकदार काळी, जेमतेम दोन मिलिमीटरची. तिची अळी पानातून देठात, देठातून खोडात उतरते आणि आतून पोखरत जाते. वरून झाड बरेच दिवस धडधाकट दिसते. खोड उभे चिरले तरच आतला तांबूस बोगदा दिसतो. आणि तुरीच्या शेंगेत दाणे खाणारी जी 'शेंगमाशी', ती या सोयाबीनच्या माशीची सख्खी बहीण शोभावी अशी, त्याच प्रजातीतली. म्हणजे नाव एक आणि कुळे दोन; दुसरीकडे नावे दोन आणि प्रजाती एक. ज्वारीवर उपयोगी पडलेला शेजाऱ्याचा सल्ला सोयाबीनवर का फसतो, याचे एक कारण या नावांच्या गोंधळात आहे. शेतकऱ्याला दोष देऊ नये. नाव त्याने नुकसान कुठे होते ते पाहून ठेवले आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरच होते. सल्ला देणाऱ्याने मात्र त्या नावावर थांबू नये.

शास्त्रज्ञांचीही या माशीने कमी दमछाक केलेली नाही. १९६०-७० च्या दशकांतल्या लेखांत ज्वारीची खोडमाशी ॲथेरिगोना व्हेरिया सोक्काटा अशा तिहेरी नावाने वावरते. हैदराबादजवळच्या 'इक्रिसॅट' संस्थेत मासळीच्या कुटाचे सापळे लावले, तेव्हा त्यांत ॲथेरिगोनाच्या पुष्कळ जाती सापडल्या. सगळ्या करड्या, सगळ्या जवळपास एका मापाच्या. निवाडा होतो तो नराच्या उदराच्या टोकाशी असलेल्या तीन पाकळ्यांसारख्या एका सूक्ष्म अवयवावरून. सापळ्यात येतात त्या मुख्यत्वे माद्या, ही त्यातली आणखी एक गंमत. इथे आठवीतल्या मुलाचे भिंग संपते आणि सूक्ष्मदर्शकाशेजारी बसलेला माणूस लागतो.

फळबागेतही हेच. आंब्या-पेरूवरची फळमाशी पाठीवरच्या दोन पिवळ्या पट्ट्यांवरून आणि उदरावरच्या इंग्रजी 'टी'सारख्या काळ्या खुणेवरून ओळखता येते. मिथाइल युजेनॉल लावलेल्या रक्षक सापळ्याकडे तिचे नर धावत येतात. कारल्या-दोडक्याच्या माशीला पाठीवर तिसरी पिवळी रेघ असते आणि तिला भुलवायला 'क्यू ल्यूर' हे वेगळे रसायन लागते. बोरांवरची माशी तर निराळ्याच प्रजातीची. पंखांवर पिवळसर पट्टे, पाठीवर काळे ठिपके. मिथाइल युजेनॉलला ती दाद देत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या बोरीच्या बागेत आंब्याचा सापळा टांगून 'सापळा रिकामा, म्हणजे माशी नाही' अशी समजूत करून घेणाऱ्याला तोडणीच्या वेळी किडकी बोरे मिळाली, तर त्यात सापळा विकणाऱ्याचा दोष निम्माच. आंब्याच्या खेपांत फळमाश्या निघाल्या म्हणून युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून हापूससह भारतीय आंबा बंद केला होता आणि ती बंदी जानेवारी २०१५ मध्ये उठली. परदेशी बंदरावरचा तपासनीस जे पाहतो, ते आपण बागेतच पाहिले तर बरे.

ज्यांना शेती नाही त्यांना वाटेल, हे आमचे नव्हे. मग न्हाणीघरात चला. मोरीच्या जाळीभोवती लहानशी, केसाळ, बसली की बदामाच्या आकाराची दिसणारी एक करडी माशी असते. ती चावत नाही. पण तिच्याच कुळातली वाळूमाशी चावते. तीही केसाळ, दोन-तीन मिलिमीटरची, लांब पायांची. फरक असा की बसताना ती पंख पाठीवर उभे, इंग्रजी 'व्ही'सारखे धरते आणि एका दमात लांब न उडता उड्या मारल्यासारखी सरकते. मातीच्या भिंतींच्या भेगा, गोठ्याचे कोपरे या तिच्या जागा, वेळ संध्याकाळनंतरची. १९६५ मध्ये नागपूरच्या चांदीपुरा भागातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला एक नवा विषाणू मिळाला. तो पुढे वाळूमाश्यांतही सापडला. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात या साथीत ३२९ मुले आजारी पडली, त्यांतली १८३ दगावली. त्याच वर्षी तिची झळ महाराष्ट्रालाही लागली. २०२४ मध्ये गुजरातेत हा आजार पुन्हा दिसला. दोन बहिणींतली कोणती आपल्या घरात आहे हे पंख धरण्याच्या ढबीवरून कळू शकते, आणि ते आईला, आजीला कळले तर भेगा लिंपण्याचे काम लवकर होते. उलट, ओल्या कचऱ्याच्या खतकुंडीत काळी, गांधीलमाशीसारखी लांबट, पायांचे पंजे पांढरे असलेली माशी दिसली की घरात आरडाओरड होते. ती बिचारी चावतही नाही, नांगीही मारत नाही. तिच्या अळ्या तुमचाच कचरा संपवत असतात. भीती आणि धोका यांची अशी अदलाबदल ओळख नसल्यामुळे होते.

कृषी सेवा केंद्राच्या मालकाला मी खलनायक मानत नाही. रात्री आठ वाजता शेतकऱ्याला उत्तर देणारा गावात तोच एक असतो. हैदराबादच्या 'मॅनेज' या संस्थेने २००३ पासून अशा दुकानदारांसाठी वर्षभराचा अभ्यासक्रम चालवला, तो योग्यच. पण ज्याचे पोट बाटलीच्या विक्रीवर आहे त्यानेच 'फवारू नका, ही मित्र आहे' असेही सांगावे, ही अपेक्षा माणसाच्या स्वभावाला धरून नाही. निदान करणारा आणि औषध विकणारा वेगळा असावा हे आपण डॉक्टरांच्या बाबतीत मानतो. शेतीत मात्र दोघे एकाच काउंटरमागे उभे आहेत. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. तिथला प्रश्न माशीचा नव्हता. पण प्रत्येक अनावश्यक फवारणीमागे पाठीवर पंप घेतलेला एक माणूस असतो, हे तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

सरकारने काहीच केले नाही असेही नाही. किडींच्या सर्वेक्षणाचा 'क्रॉपसॅप' प्रकल्प राज्यात २००९ पासून आहे, मोहोळला कृषी विज्ञान केंद्र आहे, पुण्यात भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे केंद्र आहे. पण वैरागच्या शेतकऱ्याने काडेपेटीत माशी आणली तर ती कुणाकडे द्यायची आणि उत्तर किती दिवसांत मिळेल, याचा सरळ पत्ता त्याच्यापाशी नाही. माझी मागणी छोटी आहे. वैरागच्या बाजारात आठवड्यातून एक दिवस, बाजाराच्याच दिवशी, एक टेबल, एक सूक्ष्मदर्शक आणि काही न विकणारा एक माणूस बसवावा. गावातल्या एखाद्या शाळेत काचेच्या झाकणाचे एक खण असावे आणि त्यात परिसरातल्या वीस-पंचवीस माश्या टाचणीला लावून, नावासह ठेवाव्यात. असे काम पदवीवाल्यांनीच करावे असेही नाही. ब्रिटिश काळात भारतातल्या माश्यांवर १९१२ ते १९२३ या काळात जे तीन जाडजूड ग्रंथ निघाले, त्यांचा कर्ता एनरिको ब्रुनेटी हा पेशाने संगीतकार होता.

मोबाइलवर फोटो काढून नाव विचारण्याची सोय आता झाली आहे, मग खण कशाला, असे कुणी म्हणेल. फोटो जरूर काढावा. फुलमाशी की मधमाशी एवढे तो सांगेल. पण वरून काढलेल्या फोटोत संतोलक झाकलेले असतात आणि उदराच्या टोकाच्या त्या तीन पाकळ्या दिसत नाहीत. दोन खोडमाश्यांतला फरकही धूसर फोटोपेक्षा चिरलेल्या खोडात अधिक लवकर सापडतो. म्हणून नमुना ठेवावाच. माशी बाटलीत धरून काही तास फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावी, मग कापसावर, काडेपेटीत, कोरडी. चिरडलेली माशी कुणालाच ओळखता येत नाही. अळी असेल तर स्पिरिटमध्ये, आणि ती ज्या पानावर, शेंगेत वा खोडात मिळाली त्याचा तुकडा सोबत. आत चिठ्ठी हवी : गाव, तारीख, पीक, पिकाचे वय आणि पकडणाऱ्याचे नाव. चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहावी. पेनची शाई स्पिरिटमध्ये उतरते.